मागे उभे असलेले गृहस्थ

१

सकाळी दहापर्यंत पुढारी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या देऊन मोकळे होतात, आणि मग आमचं काम सुरू होतं.

आमचं म्हणजे माझं, डिलनचं आणि सुमेधचं. वसई-विरार पट्ट्यातले आजी, माजी आणि भावी असे जेवढे म्हणून पुढारी आहेत, ते मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियावर जे काही टाकतात त्याची हुबेहूब प्रत आमच्या लहानशा सर्व्हरवर आपोआप येऊन पडते. सर्व्हरचं नाव ‘आरसा’. पुढाऱ्याने मागाहून स्वतःची पोस्ट गुपचूप काढली, तरी आरशातली प्रत जागेवर राहते आणि तिच्याखाली लाल अक्षरांत ‘मूळ पोस्ट हटवली आहे’ असं उमटतं. एकाने ‘दिवाळीपर्यंत घरोघरी पाणी’ असं छातीठोक लिहिलं होतं आणि दिवाळी उलटल्यावर पुसून टाकलं होतं. आमच्याकडे ते अजून आहे. दर दिवाळीला लोक त्याच्याखाली पणत्यांची चित्रं टाकून जातात. अशा गोष्टींनी मला फार आनंद होतो आणि तो सांगायला मला लाज वाटत नाही.

जागा माणिकपूरची, एका बेकरीच्या वरची खोली. खालून पावाचा वास, समोरून रिक्षावाल्यांची भांडणं, अधूनमधून चर्चची घंटा. कोपऱ्यात एक काळा डबा घरघरत असतो, तोच आमचा सर्व्हर. त्याला थंड ठेवणं आणि वीज गेली की इन्व्हर्टरकडे धावणं हे डिलनचं खातं. डिलन इथल्याच जुन्या ख्रिस्ती गावातला. सकाळी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात नेटवर्क बघतो आणि जेवून आमच्याकडे येतो. त्याचा यंत्रावर विश्वास आहे, माणसांवर फारसा नाही.

सुमेध आचोळ्याला राहतो. तो जन्मापासून आंधळा आहे आणि त्याला ‘दृष्टिबाधित’ म्हटलेलं आवडत नाही. म्हणतो, आंधळाच म्हण, वेळ वाचतो. धंद्याने निवेदक. गाण्यांचे कार्यक्रम, शाळांची संमेलनं, लग्नाचे स्वागतसमारंभ, सगळीकडे माइक त्याच्या हातात. कार्यक्रमात वीज गेली तर तो माइकशिवाय बोलत राहतो आणि लोक अंधारात जागचे हलत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. त्याची बायको स्वप्ना बालवाडीत शिकवते, पण घर चालतं ते त्याच्या आवाजावर. स्वप्ना म्हणते, मी याला आधी ऐकला, पसंत केला आणि मग बघितला.

आरशावर लोकांच्या प्रतिक्रिया तपासण्याचं काम सुमेधचं. फोनमधली बाई त्याला सगळं वाचून दाखवते, तेही तिप्पट वेगाने. "शिव्या या वेगाने ऐकल्या की मंत्रपुष्पांजलीसारख्या वाटतात," असं त्याचं मत आहे. दिवसभर तो गाळत बसतो आणि रोज दुपारी मला फोन करून त्यातल्या निवडक ऐकवतो.

माझं काम फोटोंचं. आरशाचा एक नियम मी हट्टाने घातला होता: शब्दांत वर्णन लिहिल्याशिवाय एकही फोटो वर चढणार नाही. सुमेधसारखे बरेच सभासद आमच्याकडे आहेत आणि त्यांना फोटो म्हणजे नुसती एक शांतता. डिलनने एकदा वर्णन करणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. त्याने गळाभर हार घातलेल्या एका साहेबांना ‘सजवलेला बैल’ म्हटलं, तेव्हापासून हे काम मीच करते. बंद पडलेल्या एका सांजदैनिकात मी बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या आहेत. ‘डावीकडून’ हा शब्द माझ्या बोटांत मुरलेला आहे. फोटोकडे बघायचं आणि टंकत जायचं, खाली बघावंही लागत नाही.

२

"विनया, ते गृहस्थ कोण गं?" सुमेधने एका दुपारी विचारलं.

"कोणते?"

"धनेशभाऊंच्या मागे असतात ते. पांढरा शर्ट. नवीन पीए ठेवलाय का?"

धनेशभाऊ म्हणजे आमचे सर्वांत बोलके माजी नगरसेवक. त्यांना माइक दिला की मंडपवाला घरी जाऊन जेवून येतो. मी त्यांचा सकाळचा फोटो उघडला. व्यायामशाळेचं उद्घाटन, भाऊंच्या हातात कात्री, दोन कार्यकर्ते, तबक धरलेली एक मुलगी. मागे नुकतीच रंगवलेली पिवळी भिंत. भिंतीपुढे कोणी नाही.

खाली माझं वर्णन होतं. डावीकडून अमुक, तमुक, मध्ये धनेशभाऊ, सगळं बरोबर. आणि शेवटी: ‘मागे पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे आहेत. त्यांचा हात धनेशभाऊंच्या खांद्यावर आहे.’

मला आधी राग आला. भीती नंतरची. हे कोणी घुसडलं? "फोटोत असं कोणी नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे? अगं, गेले कित्येक दिवस आहेत ते. आधी रस्त्याच्या कामाच्या फोटोत लांब फाटकाशी उभे होते. मग हळदीकुंकवाला स्टेजच्या पायरीवर. मग भाऊंच्या मागे, दोन पावलांवर. आज हात ठेवला." सुमेधला ऐकलेलं जसंच्या तसं आठवतं. "मला तर ते ओळखीचे वाटायला लागले होते."

मी एकेक फोटो काढून बघितला. फाटक रिकामं. पायरी रिकामी. वर्णनात मात्र प्रत्येक वेळी, अगदी शेवटच्या वाक्यात, ते गृहस्थ. माझ्या नावाने, माझ्याच धाटणीत.

माणूस दमला की चुका करतो. वर्षानुवर्षं एकच काम केलं की हात आपलं आपण काहीतरी लिहून मोकळा होतो. आमच्या दैनिकात एका उपसंपादकाने सवयीने एका जिवंत माणसाच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लिहिलं होतं आणि तो माणूस पेढे घेऊन भेटायला आला होता. मी हसले, प्रत्येक वर्णनाखाली ‘दुरुस्ती: फोटोत अशी व्यक्ती नाही’ असं लिहिलं आणि चहा मागवला. आमच्या नियमाप्रमाणे मूळ वाक्य पुसलं नाही. पुढाऱ्यांना जो नियम तोच आम्हाला.

३

डिलनने त्याच्या पद्धतीने तपास केला. बाहेरून कोणी शिरलेलं नव्हतं. सगळं लिखाण माझ्या खात्यातून, या खोलीतून, याच कीबोर्डवरून झालेलं.

"तूच लिहिलंस, बाकी कोणी नाही," तो म्हणाला. "सिंपल आहे."

"मी न बघितलेलं कसं लिहीन?"

"ते मला नको विचारू. चल, आत्ता लिही. मी बाजूला बसतो."

त्याने खुर्ची ओढली. खाली बेकरीत कोणीतरी पत्र्याचे ट्रे एकावर एक टाकत होतं. मी दोन फोटो उघडले. पहिला धनेशभाऊंचा, रक्तदान शिबिरातला. दुसरा हेमांगीताईंचा. ताई म्हणजे एका पक्षाच्या महिला आघाडीच्या प्रमुख. बचत गटाच्या पापडांचं कौतुक करताना त्यांचा फोटो होता. मी सावकाश, मन लावून लिहिलं. प्रत्येक माणूस डोळ्यांनी मोजला आणि तेवढाच लिहिला. याची मी आजही शपथ घेईन.

"झालं," मी म्हटलं. "बघ, कोणी नाही."

 डिलनने नुसतं बोट पडद्याकडे केलं.

पहिल्या वर्णनात शेवटी होतं: ‘मागे उभे असलेले गृहस्थ आता वाकले आहेत. त्यांचं तोंड धनेशभाऊंच्या कानाशी आहे.’ आणि दुसऱ्यात: ‘मागे पांढऱ्या शर्टातले तेच गृहस्थ. हात हेमांगीताईंच्या खांद्यावर.’

"हे मी लिहिलं?"

"माझ्यासमोर. थांबलीपण नाहीस. फोटोकडे बघत होतीस, असं, एकदम आरामात." त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "मला वाटलं मुद्दाम करतेयस. विनया, तू चार दिवस सुट्टी घे. किंवा रविवारी माझ्याबरोबर चर्चला, मिस्साला चल."

"मला देवळातसुद्धा झोप येते," मी म्हटलं.

तोही हसला, मीही हसले. पण मला त्या हसण्याने बरं वाटलं नाही. स्वतःचे हात मांडीवर ठेवून मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. चाळीस वर्षं वापरलेले हात, नखांना हळद लागलेली. यात परकं काही दिसत नव्हतं.

४

धनेशभाऊंचं खातं गप्प झालं.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, मग लोकांना मजा वाटली. ‘भाऊंनी मौनव्रत घेतलंय का?’, ‘वसईचं ध्वनिप्रदूषण घटलं’, असल्या प्रतिक्रिया सुमेधने मला वाचून दाखवल्या. भाऊ एका सभेत माइकपुढे उभे राहिले, तोंड उघडलं नाही आणि खाली उतरून गाडीत जाऊन बसले, असंही कोणी लिहिलं. पक्षाने ‘घशाचा त्रास’ असं जाहीर केलं.

योगायोग असतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ यावी, तसं. तरीही मी त्यांच्या घरी गेले. खात्याची पडताळणी करायची आहे, असं कारण सांगितलं. मला स्वतःला खात्री करून घ्यायची होती की घशाचा त्रास आहे, औषधं आहेत, एखादा गळपट्टा आहे.

घर खाडीकडच्या गावात, मागे भाताची शेतं, पुढे टाइल्स लावलेला नवा बंगला. दुपारचं ऊन अंगणात पसरलेलं. वहिनींनी आत घेतलं. भाऊ दिवाणखान्यात सोफ्याच्या एका टोकाला बसले होते. धडधाकट, दाढी केलेले, शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी मान थोडी डावीकडे कलती ठेवली होती आणि डोळे जमिनीवर. टेलिफोनवर कोणी महत्त्वाचं सांगत असलं की माणूस असा बसतो.

"भाऊ, कसे आहात?"

 थोड्या वेळाने त्यांनी मान डोलावली, पण ती माझ्या प्रश्नाला नव्हती. माझा प्रश्न कधीच संपला होता.

"डॉक्टरांनी समदं तपासलं," वहिनी म्हणाल्या. "घसा चांगला हाय. जेवतात, पानी पितात, झोपतात. पन आमच्याशी बोलायचं नाय. मी मोठ्याने ओरडले एकदा, तर असा हात केला." त्यांनी तळहात वर करून दाखवला, ‘थांब’ म्हणतात तसा. "कोनाचं ऐकतात, देव जाने."

त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा पदर हातात पिळून दोरीसारखा झाला होता. मला तिथे बसवेना. या माणसाच्या बडबडीची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती, आणि आत्ता त्यांनी एकदा ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणावं म्हणून मी काहीही दिलं असतं. निघताना मी दारातून वळून बघितलं. भाऊ कशावर तरी मंद हसत होते, चांगली गोष्ट ऐकताना हसतात तसे.

त्याच आठवड्यात माझ्या वर्णनात ते गृहस्थ हेमांगीताईंच्या कानाशी लागले, आणि ताई बोलायच्या थांबल्या.

५

आता मी नेट लावून विचार केला. मला विचार करता येतो, आणि घाबरून बसण्यापेक्षा मला तो जास्त जमतो. गृहस्थ फोटोत नाहीत. ते फक्त वर्णनात येतात, वर्णन मी लिहिते, आणि ते ज्याच्या कानाशी लागतात तो गप्प होतो. हे का होतं ते मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. नळ गळत असेल तर आधी नळ बंद करावा. मी वर्णनं लिहिणं बंद केलं. फोटो तसेच, मुके, वर चढू लागले.

आणि काही झालं नाही! निवडणूक तोंडावर आलेली, सगळे पुढारी गळा फाटेपर्यंत बोलत होते, रोज शेकड्यांनी फोटो येत होते आणि एकही माणूस गप्प होत नव्हता. हेमांगीताई आणि धनेशभाऊ तसेच होते, याचं वाईट वाटायचं. पण मी एक दार लावून घेतलं होतं आणि ते पक्कं लागलं होतं. डिलनलाही पटलं. "सिस्टीममधला बग कुठे होता ते नको शोधायला," तो म्हणाला. "बंद झाला ना, बस."

सुमेधला पटलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं होतं, वहिनींच्या पदरासकट. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तिथेच यायचा.

"तुमच्या डोळ्यांना भास होतात म्हणून आमचे फोटो बंद?" तो फोनवर म्हणाला. "हा कुठला न्याय?"

"भास डोळ्यांना नाही, हातांना होतोय."

"मग हात बदल. डिलन लिहील."

"डिलनच्या हातून नाही येणार कशावरून? सुमेध, दोन माणसं गप्प झालीयेत."

"पुढारी गप्प झाले! त्यांना बोलायला काही उरलं नसेल." मग त्याचा आवाज बदलला. "तुला कळत नाही, विनया. तू लिहायचीस तेव्हा मला माहीत असायचं की स्टेजवर कोण कुठे उभं आहे, कोणाचा चेहरा पडलाय, मागे बॅनर फाटलाय. आता फोन मला म्हणतो ‘चित्र’. नुसतं ‘चित्र’. दिवसातून शंभर वेळा. कोणीतरी तोंडावर दार लावावं, तसं वाटतं गं."

मला फार लागलं ते. हा माणूस माझा सगळ्यांत जवळचा मित्र, आणि त्याच्यासाठीच तो नियम मी केला होता. पण मी बधले नाही. धनेशभाऊ गप्प बसले तर वसईचं फारसं अडत नाही. सुमेध गप्प झाला तर त्याच्या घरची चूल विझेल, आणि माझ्या दुपारी कशा होतील याचा विचारही मला करवत नव्हता. "काही दिवस सोस," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला, निरोप न घेता, पहिल्यांदाच.

६

मग तो फोटो आला. सुमेधच्या सोसायटीचा वर्धापनदिन झाला होता. पाहुणे म्हणून कौस्तुभराव नावाचे एक भावी नगरसेवक आले होते, आणि सोसायटीने आपल्या कलावंत सभासदाचा त्यांच्या हस्ते सत्कार केला होता. कौस्तुभरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो टाकला, आणि तो आपोआप आरशात येऊन पडला. शाल पांघरलेला सुमेध, हातात नारळ, चेहऱ्यावर सभागृहभर हसू.

त्याच दुपारी त्याचा फोन आला. आदल्या भांडणाचा उल्लेखही नाही. "माझा फोटो आलाय म्हणे. फोन मला म्हणतो ‘चित्र’. मी स्वतः त्यात आहे आणि मला म्हणतो ‘चित्र’! विनया, एवढा एक सांग."

नाही कसं म्हणणार? पण सांगणारही नव्हते. मी रिक्षा केली आणि थेट आचोळ्याला गेले. वाटेत मनाशी सगळं पक्कं केलं होतं.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. स्वप्ना स्वयंपाकघरात होती. सुमेध पलंगावर मांडी घालून बसला होता, कालची शाल घडी करून शेजारी ठेवलेली. मी खुर्ची घेतली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"मी वर्णन करणार नाही," मी म्हटलं. "तू कर."

"मी?"

"तू तिथे होतास. तुला माहीत आहे कोण कुठे होतं. तू सांग, मी शब्दाला शब्द लिहिते. माझं एक अक्षर घालणार नाही."

तो एवढा खूश झाला की टाळीच वाजवली. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. त्या गृहस्थांना माझ्या मनातून हातांत उतरायचं असेल, तर आज वाट बंद. शब्द सुमेधचे होते, मी नुसती टायपिस्ट. शिवाय मी फोटोकडे न बघता माझ्या बोटांकडे बघणार होते, शिकाऊ मुलींसारखी.

"लिही," त्याने निवेदकाचा आवाज लावला. "डावीकडून पहिले कौस्तुभराव. अत्तर इतकं होतं की दिशा चुकणं शक्य नव्हतं."

मी लिहिलं. अक्षर अन् अक्षर बघून.

"मग आमचे चेअरमन. नारळ त्यांनी दिला, जवळजवळ माझ्या बोटांवर फोडलाच. मग मी. शाल लोकरीची, या उकाड्यात. माझ्या डाव्या हाताला स्वप्ना, बांगड्या वाजत होत्या. म्हणजे ती लाजत होती."

"मी कशाला लाजू?" आतून स्वप्ना म्हणाली. "पदर नीट करत होते."

"पदर नीट करणारी स्वप्ना, असं लिही."

लिहून झालं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. चार माणसं, चार नावं, शेवटचं वाक्य स्वप्नाच्या पदराचं. त्यापुढे काही नाही. मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी मोकळं हसले होते, मलाच माहीत. "झालं! सुमेध, जिंकलो आपण."

"झालं कसं? मागचे राहिले की."

"मागचे कोण?"

"फोटो काढताना मागून एकाने खांद्यावर हात ठेवला ना माझ्या. इथे." त्याने उजव्या हाताने आपला डावा खांदा दाखवला. "चांगला हात होता. उबदार. सोसायटीतलेच कोणी जुने असतील असं वाटलं. नाव विचारायचं राहिलं. बघ ना, कोण आहेत ते?"

मी आता फोटोकडे बघितलं. सुमेधच्या मागे भिंत होती, तिच्यावर सोसायटीच्या नावाची पाटी, आणि भिंत इतकी जवळ की मधे माणूस मावला नसता. कोणी नव्हतं. उजव्या खांद्यावर शाल फुगीर, मऊ बसली होती. डाव्या खांद्यावर मात्र ती दबलेली होती, वरून कोणी धरल्यासारखी, आणि त्या दाबाच्या कडेने लोकरीला बारीक चुण्या पडल्या होत्या.

"विनया? दिसतायत ना?"

"नाही," मी म्हटलं.  "मागे भिंत आहे, सुमेध. कोणी नव्हतं. त्याचा विचार नको करूस. मला आजच्या शिव्या ऐकव. चल, एखादी चांगली ऐकव."

"भिंत कशी असेल? ते बोललेसुद्धा काहीतरी. टाळ्यांत नीट कळलं नाही. मी म्हटलं, घरी गेल्यावर ऐकतो सावकाश." तो स्वतःशीच हसला. "एवढ्या गर्दीत इतकं हळू बोलायचं म्हणजे—"

तो मधेच थांबला. मान थोडी डावीकडे कलली.

"सुमेध, माझ्याशी बोल." मी लॅपटॉप बाजूला टाकला आणि त्याचा हात धरला. "माझ्याशी बोल. काहीही बोल. कालचं निवेदन म्हण. मी सगळे फोटो सांगते तुला, सगळे, अगदी पहिल्यापासून. ऐकतोयस का?"

त्याने माझा हात हळूच सोडवला आणि तळहात वर केला.

"एक मिनिट थांब, विनया," तो कुजबुजला. "ते बोलतायत."

त्याच्या आवाजातला शेवटचा शब्द मी ऐकला तो हा. मी त्याचे खांदे धरून हलवले, डाव्या खांद्यावर दोन्ही हात घट्ट दाबून ठेवले, मधे कोणाला जागाच मिळू नये म्हणून. तो शांत बसून होता आणि चेहऱ्यावर हळूहळू कुतूहल पसरत होतं. स्वप्ना चहा घेऊन बाहेर आली. तिने त्याला हाक मारली, मग पुन्हा मारली, आणि मग कप हातात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.